प्रकल्प नोंदी: सपाट व्हेक्टर मुखपृष्ठाला थ्रीडी उठाव

८ जुलै

काम: कविता विशेषांकाचे मुखपृष्ठ. ए४, २१० × २९७ मिमी, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). सपाट चित्र मंजूर झालेले आहे. त्यातल्या तीन गोष्टींना थ्रीडी उठाव द्यायचा: ‘कविता’ हे शीर्षक, लेबल लावलेली शाईची दौत आणि तीन पुस्तकांची चळत. पार्श्वभूमी सपाटच राहील.

अॅडोबी इलस्ट्रेटर या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये याला दोन वाटा आहेत. जुने थ्रीडी इफेक्ट २००३ च्या सीएस आवृत्तीत आले. आता ते इफेक्ट मेनूत ‘थ्रीडी अँड मटेरिअल्स’च्या खाली ‘थ्रीडी क्लासिक’ या नावाने मिळतात. नवे थ्रीडी अँड मटेरिअल्स पॅनेल २६व्या आवृत्तीबरोबर, ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. जुन्यातून खरे पाथ (व्हेक्टर रेषा) निघतात, म्हणजे शेवटी प्रत्येक बाजू सुटी करून हाताने रंगवता येते. नव्यात रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून रेंडर), पडछाया, लाकूड-धातूचा पोत हे सगळे आहे, पण रे ट्रेसिंगचे रेंडर पिक्सेलचे असते. छपाईसाठी आणि पुढे फलकावर मोठे करण्यासाठी एकच चित्र वापरायचे आहे, म्हणून मुख्य काम क्लासिकमध्ये. नव्या पॅनेलची चाचणी फक्त दौतीवर.

९ जुलै

आधी मूळ फाइल आउटलाइन मोडमध्ये (रंगाविना नुसत्या रेषा) तपासली, कंट्रोल + वाय. थ्रीडीत बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टी इथेच दिसतात. सपाट चित्रात त्या फिलखाली (आतल्या रंगाखाली) झाकल्या जातात.

शीर्षक कुणीतरी फोटोवरून इमेज ट्रेस केलेले आहे. कडेवर गरज नसताना ढीगभर कोपरा-पॉइंट आहेत. एक्स्ट्रूड करताना, म्हणजे सपाट आकाराला खोली देताना, दोन कोपरा-पॉइंटमधला प्रत्येक तुकडा वेगळी भिंत बनतो. गुळगुळीत पॉइंटवर भिंत तुटत नाही. म्हणून चार पॉइंटांच्या वर्तुळाला एक्स्ट्रूडनंतर तीनच पृष्ठभाग असतात: पुढचा, मागचा आणि एक सलग बाजू. ट्रेस केलेल्या अक्षरावर हीच सलग बाजू चिरफळ्यांसारखी दिसते, कारण प्रत्येक तुकड्यावर प्रकाश वेगळ्या कोनात पडतो. सिम्प्लिफाय लावून बघितले. पॉइंट कमी होतात, पण अक्षरांचे वळण जाते. शीर्षक नव्याने टाइप करायचे ठरले.

चळतीतल्या आयतांना स्ट्रोक (बाह्यरेषा) आहे. तो काढला. बिनस्ट्रोकच्या आयताला एक्स्ट्रूडनंतर ६ पृष्ठभाग येतात, स्ट्रोक असेल तर १६. स्ट्रोकची चौकट हा स्वतंत्र ठोकळा धरला जातो, तिला आतून चार आणि बाहेरून चार भिंती फुटतात. मॅप आर्टमध्ये (पृष्ठभागांवर चित्र चढवण्याच्या खिडकीत) बाण दाबत योग्य बाजू शोधणे मग वैतागाचे होते. बाह्यरेषा हवीच असेल तर ती शेवटी, एक्सपांड झाल्यावर (इफेक्ट फोडून साधे पाथ झाल्यावर) द्यावी.

ग्रेडियंट सगळे काढून सपाट रंग ठेवले. छटा इफेक्ट स्वतः देतो. खाली ग्रेडियंट असला की प्रकाश दोन दिशांनी आल्यासारखा दिसतो. शेवटी ऑब्जेक्ट > पाथ > क्लीन अप चालवून सुटे पॉइंट आणि रिकामे टेक्स्ट पाथ काढले.

१० जुलै

शीर्षक. टाइप करण्याआधी प्रेफरन्सेस > टाइपमध्ये इंडिक पर्याय दाखवण्याची खूण केली आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर निवडला. हे केले नाही तर ‘वि’ची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन पडते.

देवनागरीला एक्स्ट्रूड करताना खरी अडचण शिरोरेषेची. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे जिवंत टेक्स्टवर इफेक्ट लावला तरी चालून जाते. आपल्याकडे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. सपाट फिलमध्ये ते कळत नाही. बेव्हेल लावला की प्रत्येक अक्षराला आपापली उतरती कड मिळते आणि क-वि, वि-ता या जोडांवर शिरोरेषेत खाच पडते. म्हणून: क्रिएट आउटलाइन्स (अक्षरांचे पाथ करणे), अनग्रुप, पाथफाइंडरमधून युनाइट (सगळे जोडून एक आकार). ‘क’ आणि ‘व’मधल्या पोकळ्या भरल्या गेल्या नाहीत ना, ते पाहिले. त्या कंपाउंड पाथमध्येच राहायला हव्यात, नाहीतर पोकळीच्या जागी भरीव ठोकळा उभा राहतो.

युनाइटनंतर शिरोरेषेची वरची कड १६०० टक्के झूमवर तपासली. ‘क’ आणि ‘वि’च्या मध्ये ०.३ पॉइंटची पायरी सापडली. वेलांटीच्या ग्लिफची (फाँटमधल्या आकाराची) शिरोरेषा किंचित वर होती. कागदावर ०.३ पॉइंट म्हणजे दशांश मिलिमीटर, सपाट छपाईत कुणाला दिसणार नाही. एक्स्ट्रूड केल्यावर मात्र तेवढ्या उंचीची, पूर्ण खोलीची उभी पट्टी तयार होते आणि ती शेजारच्या वरच्या बाजूपेक्षा गडद असते. शिरोरेषेवर सुरीने ओरखडा काढल्यासारखी. वरच्या कडेचे पॉइंट डायरेक्ट सिलेक्शनने धरून ऑब्जेक्ट > पाथ > अॅव्हरेज > हॉरिझॉन्टल केले, मग मधले अनावश्यक पॉइंट डिलीट अँकर पॉइंट टूलने काढले. खालच्या कडेलाही तेच. नुसती डिलीट कळ दाबली तर पाथ तुटतो.

११ जुलै

एक्स्ट्रूड अँड बेव्हेल क्लासिक. शीर्षकाची रुंदी १५० मिमी, म्हणजे सुमारे ४२५ पॉइंट. डीफॉल्ट खोली ५० पॉइंट या मापाला फार होते, पोकळ्यांच्या आतल्या भिंती समोरच्या आकाराशी भांडतात. २४ पॉइंट ठेवली. डीफॉल्ट ऑफ-अॅक्सिस फ्रंटचे कोन एक्स उणे १८, वाय उणे २६, झेड ८ आहेत. ठोकळ्याला ते शोभतात, शब्दाला नाही. झेडमुळे शिरोरेषा तिरकी होते आणि देवनागरी शब्द घसरल्यासारखा वाटतो. झेड ०, वाय उणे १४, एक्स उणे १०, पर्स्पेक्टिव्ह ०. वाय १४ अंशांनी शब्दाची रुंदी ३ टक्के घटते, तेवढी चालते.

बेव्हेल: क्लासिक प्रकार, उंची ३ पॉइंट, एक्स्टेंट इन. ‘बेव्हेल सेल्फ इंटरसेक्शन’ची सूचना आली आणि वेलांटीच्या टोकाशी काळे तिकोनी तुकडे उमटले. कारण साध्या बेरजेत आहे. एक्स्टेंट इन कडेपासून आत खोदतो. दोन्ही बाजूंनी ३ म्हणजे ६ पॉइंट जागा लागते आणि वेलांटीचे निमुळते टोक २.१ पॉइंट रुंद आहे. एक्स्टेंट आउट केले तर टोक सुटते, पण आकार बाहेर वाढतो आणि ‘क’ची पोकळी बुजायला लागते. उपाय दोन्हीकडून केला: टोक गोलसर करून ५ पॉइंट केले आणि बेव्हेल २ वर आणला. २ + २ = ४, टोकात मावते. नियम म्हणून पाहिले तर अक्षरातला सर्वांत बारीक भाग मोजावा आणि बेव्हेल त्याच्या निम्म्याहून कमी ठेवावा. बारीक-जाड फरक जास्त असलेल्या फाँटला बेव्हेल न देणेच बरे.

इफेक्टमध्ये बदल करायचा तो अपिअरन्स पॅनेलमधल्या त्याच्या नावावर क्लिक करून. मेनूतून पुन्हा लावला की पहिल्यावर दुसरा इफेक्ट चढतो.

१४ जुलै

शीर्षकाचा रंग आणि प्रकाश. शेडिंग कलर मुळात ब्लॅक असतो. पिवळ्यावर काळी छटा म्हणजे शेवाळी चिखल. छापताना पिवळ्या शाईवर काळे टिंब पडले की हेच होते. कस्टम करून गडद तांबूस तपकिरी दिला. बाजू एकदम भाजल्यासारख्या उबदार झाल्या. या निवडीचा एक परिणाम: कस्टम शेडिंग असताना स्पॉट रंग (स्वतंत्र शाईचे रंग) टिकवता येत नाहीत. सोनेरी पाचव्या शाईचा विचार असेल तर शेडिंग ब्लॅक किंवा नन ठेवून ‘प्रिझर्व्ह स्पॉट कलर्स’वर खूण करावी लागेल. सध्या चारच रंग आहेत, अडचण नाही.

डिफ्यूज शेडिंग (चमक नसलेली मऊ छटा), अँबिअंट लाइट (सगळीकडचा सारखा उजेड) ५० वरून ६५. सपाट भिंतीला डिफ्यूजमध्ये एकच छटा मिळते, पुढे एक्सपांडनंतर ती निवडणे सोपे जाते. ब्लेंड स्टेप्स (छटेच्या पायऱ्या) २५ तशाच. या मापाच्या वळणांवर पट्टे दिसत नाहीत.

प्रकाशाची जागा क्लासिकमध्ये आकड्यात देता येत नाही, गोळ्यावर टिंब ओढूनच ठरते. म्हणून हा इफेक्ट ग्राफिक स्टाइल म्हणून साठवला. एक्स्ट्रूडची सगळी कामे आता तिथूनच.

१५ जुलै

दौत. रिव्हॉल्व्हला अर्धी बाह्याकृती लागते. पाथ डाव्या कडेभोवती ३६० अंश फिरतो. फिल ठेवला, स्ट्रोक नाही. स्ट्रोकवाला पाथ फिरवायला कितीतरी जास्त वेळ घेतो आणि आतल्या भिंती वाढवतो.

पहिल्या फिरवणीत बुडाच्या मध्यभागी भोक दिसले. अक्ष म्हणजे पाथच्या चौकटीची डावी कड, आपण मनात धरलेली मधली रेषा नव्हे. झाकणाच्या वरच्या वक्राचे हँडल डावीकडे फुगले होते, वक्र ०.८ पॉइंट पुढे गेला, तेवढाच अक्ष सरकला, आणि बाकी सगळे पॉइंट अक्षापासून ०.८ दूर पडले. अक्षावरचे पॉइंट निवडून अॅव्हरेज > व्हर्टिकल केले आणि झाकणावरच्या पॉइंटचे हँडल पूर्ण आडवे केले. भोक बंद. ऑफसेटच्या खान्यात आकडे टाकून हे झाकायचा मोह होतो. त्याने दौत जाड होते, भोक राहतेच.

प्लास्टिक शेडिंग (चमकदार छटा), हायलाइट इंटेन्सिटी ६०, हायलाइट साइझ ९० वरून ७०. गोल पृष्ठभागावर २५ ब्लेंड स्टेप्स अपुऱ्या, उभे पट्टे मोजता येतात. १०० केल्या. मर्यादा २५६ पर्यंत आहे, पण प्रत्येक पायरी म्हणजे आणखी पाथ आणि एवढ्या लहान दौतीवर १०० च्या पुढे डोळ्याला काही मिळत नाही.

१६ जुलै

लेबल. मॅप आर्ट फक्त सिम्बॉल (पुन्हा वापरता येणारे साठवलेले चित्र) स्वीकारते, म्हणून लेबल आधी सिम्बॉल्स पॅनेलमध्ये टाकायचे. माप काढून: दौतीची त्रिज्या ६२ पॉइंट, परीघ २ × ३.१४१६ × ६२ = ३८९.६ पॉइंट. लेबलची उंची ७०. सिम्बॉल ३८९.६ × ७० चा केला, तर ‘स्केल टू फिट’ने ताण येत नाही. वेगळ्या प्रमाणाचा सिम्बॉल दिला तर हे बटण अक्षरे मुकाट्याने आडवी ताणते.

समोरून निम्माच परीघ दिसतो, १९४.८ पॉइंट, आणि त्यातलाही कडेचा भाग आक्रसतो. मध्यापासून ४५ अंशांवर रुंदी ७१ टक्के उरते, ६० अंशांवर निम्मी. म्हणून वाचायचा मजकूर मधल्या पाव परिघात, सुमारे ९७ पॉइंटांत बसवला. बाकी पट्टीवर फक्त नक्षी. मॅप आर्टच्या खिडकीत फिकट करडा भाग म्हणजे दिसणारी बाजू, गडद म्हणजे मागची. मजकूर फिकट भागाच्या मधोमध सरकवला.

पण त्याआधी लेबलला स्वतःची जागा करून द्यावी लागली. दौतीचे अंग, खांदा आणि मान गुळगुळीत वक्राने जोडलेली होती, त्यामुळे मॅप आर्टला तो एकच पृष्ठभाग वाटत होता आणि लेबल मानेपर्यंत ताणले जात होते. अंगावर, लेबलच्या वरच्या-खालच्या हद्दीवर, ०.६ पॉइंटची पायरी काढली. पायरीचे कोपरे पृष्ठभाग तोडतात, ७० पॉइंटची पट्टी वेगळी मिळते. खऱ्या बाटल्यांनाही लेबलसाठी असा हलका खळगा असतो, त्यामुळे ते खोटे वाटत नाही.

‘शेड आर्टवर्क’वर खूण केली. नाही केली तर लेबल प्रकाशाला दाद न देता वर चिकटवलेल्या स्टिकरसारखे दिसते. या खुणेने काम जड होते, म्हणून जुळवाजुळव होईपर्यंत ती बंद ठेवावी. ‘इनव्हिजिबल जॉमेट्री’ वेगळ्या कामाची: दौत लपते, वळलेले लेबल तेवढे उरते. त्याची एक प्रत बाजूला ठेवली आहे. लेबलचा मजकूर बदलला तर सिम्बॉल उघडून बदलायचा, दौतीवर आपोआप येतो.

१८ जुलै

पुस्तकांची चळत, आयसोमेट्रिक (तिन्ही अक्ष सारखेच आक्रसतात असे दृश्य). आयत १६० × २२० पॉइंट, जाडी खालून वर ३४, २८, २२. एक्स्ट्रूडमध्ये आयसोमेट्रिक टॉप प्रीसेट, पर्स्पेक्टिव्ह ०, बेव्हेल नाही. प्रकाशाची मूल्ये शीर्षकाची.

इथे दोन पद्धतींची सरमिसळ टाळायची असते. प्रीसेट खरे प्रक्षेपण करतो: प्रत्येक अक्षावरची लांबी ०.८१६५ पट दिसते. हाताने करायची पद्धत, म्हणजे उभे स्केल ८६.६०२ टक्के, मग ३० अंश शिअर (तिरके सरकवणे), मग ३० अंश रोटेट, कडांची लांबी पूर्ण ठेवते. एकाच चित्रात दोन्ही वापरल्या की वस्तू १.२२४७ पटीने विसंगत होतात आणि नेमके काय खटकते ते कुणाला सांगता येत नाही. कण्यावरची अक्षरे हाताच्या पद्धतीने केली, म्हणून ती नंतर ८१.६५ टक्के केली. कोन लक्षात ठेवायला: वरच्या बाजूला शिअर अधिक ३०, रोटेट उणे ३०, डाव्या बाजूला दोन्ही उणे, उजव्या बाजूला दोन्ही अधिक.

वेगवेगळ्या इफेक्टमधल्या वस्तू एकमेकींत शिरत नाहीत किंवा टेकत नाहीत. प्रत्येकीची थ्रीडी जागा वेगळी, मागे-पुढे फक्त लेयरच्या क्रमाने. त्यामुळे चळत हाताने रचली. मधले पुस्तक खालच्यावर बसायला आपली जाडी × ०.८१६५ एवढे वर न्यायचे: २८ साठी २२.९ पॉइंट, सर्वांत वरचे त्याच्यापासून १८.० पॉइंट. तिन्ही ग्रुप करून ग्रुपला इफेक्ट दिला असता तर अक्ष एकच झाला असता, पण जाड्याही एकच.

मधले पुस्तक ७ अंश वळलेले हवे. रोटेट टूल सपाट आयतच फिरवते आणि थ्रीडी त्यावर नव्याने चढते, म्हणून पुस्तक टेबलावर वळावे तसे जागच्या जागी वळते. हवे तेच. या पुस्तकाच्या कण्यावर मात्र ३० अंशांचे गणित लागू नाही, तिथले नाव मॅप आर्टने टाकले. पानांच्या बाजूला बारीक रेघांचा सिम्बॉल.

२१ जुलै

तिन्ही वस्तू एका पानावर. दौत चळतीवर ठेवायची तर दोघींकडे बघणारा डोळा एकच हवा. आयसोमेट्रिकमध्ये नजर ३५.२६ अंशांनी खाली झुकते. म्हणून दौतीच्या रिव्हॉल्व्हला एक्स उणे ३५, वाय ०, झेड ०. तोंडाऐवजी बूड दिसले तर चिन्ह उलटे लावावे. तपासायची सोपी खूण: तोंडाच्या लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या ०.५७७ पट. तोंड ५२ पॉइंट रुंद, उंची ३० आली. जुळले. झुकवल्यावर लेबलचे ७० पॉइंट ५७ दिसतात, तरी नाव वाचता येते.

चळत लहान करून ८० टक्क्यांवर आणायची होती. आधी प्रेफरन्सेसमध्ये ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ चालू केले. ते बंद असताना आयत लहान होतात आणि खोली तेवढीच राहते, पुस्तकांचे शब्दकोश होतात.

शीर्षक आयसोमेट्रिकमध्ये बसवण्याची सूचना आली होती. करून पाहिले, शिरोरेषा ३० अंशांनी चढते आणि दुरून शब्द वाचता येत नाही. मुखपृष्ठावर आधी नाव वाचले गेले पाहिजे. शीर्षक समोरूनच राहील.

२२ जुलै

दौतीची नव्या पॅनेलमध्ये चाचणी. तोच अर्धा पाथ, रिव्हॉल्व्ह, मटेरिअलमध्ये रफनेस कमी, प्रकाशाची सॉफ्टनेस थोडी, सावली ‘बिलो ऑब्जेक्ट’. जुळवताना रे ट्रेसिंग बंद आणि रास्टर इफेक्ट सेटिंग ७२ पीपीआय (इंचाला पिक्सेल). शेवटी ३०० पीपीआय, क्वालिटी हाय, रिड्यूस नॉइज चालू. मऊ सावली आणि कडेवरची चमक क्लासिकला कधीच जमणार नाही अशी येते. पण शेजारच्या सपाट छटांच्या पुस्तकांसमोर दौत परकी वाटते, जणू फोटो कापून लावला. आणि फलकाच्या मापाला पुन्हा रेंडर करावे लागेल. क्लासिकच ठेवले. पडछाया साध्या: काळ्या शाईचे लंबवर्तुळ, मल्टिप्लाय (खालच्या रंगात मिसळणारे), २५ टक्के.

इन्फ्लेटही शीर्षकावर बघितले. जाड भाग फुगतो, वेलांटी चपटी राहते. देवनागरीला नको.

२४ जुलै

एक्सपांड. जिवंत फाइलची प्रत काढून तिच्यावरच ऑब्जेक्ट > एक्सपांड अपिअरन्स. एकदा फोडले की कोन बदलता येत नाही.

चळत आणि शीर्षकातून एकात एक ग्रुप निघतात. ते सोडवून पाथफाइंडरमधले मर्ज वापरले. शेजारचे एकाच रंगाचे तुकडे ते जोडते, युनाइटसारखे सगळे एकरंगी करत नाही. दौतीला मर्ज लावले नाही, तिथे प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा. मग पुस्तकांच्या बाजू हाताने रंगवल्या: वरची फिकट, डावी मध्यम, उजवी गडद. इफेक्टने काढलेल्या छटेपेक्षा ही तिरंगी विभागणी नेहमीच स्वच्छ दिसते.

दौतीवर पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या केसासारख्या रेघा दिसतात. खऱ्या की पडद्यावरच्या, हे झूम करून कळते: कितीही मोठे केले तरी रेघ एकाच पिक्सेलची राहिली तर ती अँटी-अलायसिंगची (पडद्यावर कडा मऊ करण्याची), छपाईत येत नाही. रुंद होत गेली तर खरी फट. इथल्या सगळ्या पहिल्या प्रकारच्या. पडद्यासाठीच्या पीएनजीत मात्र त्या उमटतात, म्हणून ते अँटी-अलायसिंग ‘नन’ ठेवून चौपट आकारात काढले आणि फोटोशॉपमध्ये लहान केले.

२५ जुलै

पीडीएफ एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) काढून अॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूत एकूण शाईचे प्रमाण (चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) तपासले. मर्यादा ३०० टक्के सांगितलेली. दौतीच्या उजव्या कडेला ती ओलांडली जात होती, कारण गडद निळ्यावर काळे शेडिंग चढले होते. जिवंत फाइलमध्ये दौतीचा मूळ निळा हलका केला, अँबिअंट ७० केले, पुन्हा एक्सपांड. आता सर्वांत गडद जागा २८६.

देताना फोल्डरमध्ये तीन फाइली: जिवंत इफेक्टची, एक्सपांड केलेली आणि पीडीएफ. जिवंत फाइलच्या लेयरच्या नावातच मूल्ये लिहिली आहेत, उदाहरणार्थ ‘शीर्षक, खोली २४, बेव्हेल २ आत, एक्स उणे १०, वाय उणे १४’. पुढच्या अंकाचे शीर्षक याच ग्राफिक स्टाइलवर चढवताना आधी त्या शब्दातले सर्वांत बारीक टोक मोजावे. ४ पॉइंट किंवा त्याहून कमी भरले तर बेव्हेल त्याच्या निम्म्याहून कमी.